त्र्याण्णवचा शेरा

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकापाशी आणला आणि सभासद क्रमांकाच्या चौकटीत नऊ आणि तीन असे दोन आकडे दाबले. चौकट लाल झाली. त्यांनी पुन्हा दाबले. चौकट पुन्हा लाल झाली.

"काका, चार आकडे लागतात," काउंटरवरची बाई मान वर न करता म्हणाली. "आधी दोन शून्यं घाला."

"माझा क्रमांक त्र्याण्णव आहे."

"हो, पण मशीनला चार लागतात. रोज सांगते."

"मी या वाचनालयाचा सभासद झालो तेव्हा तुमचा जन्मही झाला नव्हता."

"तेव्हा वायफायपण नव्हतं, काका."

मागे रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. अण्णांनी दोन शून्यं घातली. प्रत्येक शून्य असं दाबलं, की अंगठ्याचं नख पांढरं पडलं. मग ते वाचनकक्षात गेले, नेहमीचं टेबल रुमालाने पुसलं, रुमालाची मळलेली बाजू आत दुमडून खिशात ठेवली आणि आजूबाजूला नजर टाकली. एकाच्याही हातात पुस्तक नव्हतं.

एक्केचाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितशोधकाचं काम केलं होतं. कोणी 'प्रूफरीडर' म्हटलं की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. दुसऱ्यांच्या हजारो पानांवरून त्यांची लाल शाई फिरली होती. लेखक कितीही मोठा असो, त्याला 'परंतु'मधला 'तु' ऱ्हस्व की दीर्घ हे ठाऊक नसतं, हे त्यांनी रोजच्या रोज पाहिलं होतं. त्यामुळे मोठ्या माणसांबद्दलचा आदर त्यांच्या मनातून फार लवकर गेला आणि लहान माणसांबद्दलचा तर मुळात नव्हताच.

घरी वायफाय होतं. अगदी उत्तम होतं. पण मागच्या वर्षी सुनेची आई गेली तेव्हा सुनेने घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'आई आज पहाटे आपल्याला सोडुन गेली.' पाच मिनिटांनी त्याखाली अण्णांनी लिहिलं, 'सोडून. डू दीर्घ.' त्यानंतर ग्रुपवर दिवसभर कोणी काही लिहिलं नाही.

संध्याकाळी मुलगा त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाबा, तिची आई गेलीय."

"मला दुःख नाही झालं, असं मी कुठे लिहिलंय? पण चूक ती चूक. माणूस गेल्याने शुद्धलेखन बदलत नाही."

मुलगा निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या फोनवर आलं, 'पासवर्ड चुकीचा आहे.' मुलाने एका शब्दाने काही सांगितलं नाही आणि अण्णांची मागायला जीभ रेटली नाही. तेव्हापासून ते रोज अकराला वाचनालयात येत आणि दुपारी दोनला वाचनकक्ष बंद होईपर्यंत बसत. मुलाला वाटे, बाबा फिरायला जातात.

फुकटच्या वायफायवर जगणारी ही जमात अण्णांनी आठवडाभरात नीट ओळखून घेतली. घरं भाड्याने लावून देणारा एक दलाल होता. तो संदर्भग्रंथांच्या कपाटाआड तोंड घालून "दोन खोल्या, भरपूर उजेड" असं कुजबुजत असे. ज्ञानकोशाचा एवढा उपयोग दुसऱ्या कोणी केलेला अण्णांनी पाहिला नव्हता. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. ते एका कानात इयरफोन खुपसून मालिका पाहत आणि नायिकेवर काही ओढवलं की सगळ्यांना ऐकू जाईल असे चुकचुकत. केस निळे केलेली एक मुलगी लॅपटॉप बडवत असे. परीक्षेची तयारी करणारे तिघं एका पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून ते फोनवर वाचत. पुस्तक शेजारीच उघडं पडलेलं असे. आणि खिडकीपाशी रबरी चपला घातलेली एक बाई असे. ती चार्जर लावी, फोन मांडीवर ठेवी, मान छातीवर टाकी आणि तास-दीड तास तशीच बसून राही. ही सरळ झोपायलाच येते, असा अण्णांचा निष्कर्ष होता. निदान ती घोरत नाही, एवढंच तिच्याबद्दल बरं बोलता येण्यासारखं होतं.

आपणही तेच वायफाय वापरतो, हे अण्णांना कधी खटकलं नाही. ते काम करत होते.

वायफाय जोडलं की आधी वाचनालयाचं एक पान उघडत असे. त्यावर वेळा, सुट्ट्या, नव्या पुस्तकांची यादी आणि सगळ्यात खाली 'वाचकांचे पान'. तिथे सभासदांनी चार ओळी लिहाव्यात अशी विनंती होती. नाव दिसत नसे, फक्त सभासद क्रमांक दिसे. आणि पान वाचनालयाच्या इमारतीबाहेर उघडत नसे. कोणी लिहिलं होतं, 'सुंदर ऊपक्रम.' कोणी लिहिलं होतं, 'पंखा दुरूस्त करा.' अण्णांनी पहिल्याच दिवशी दोघांच्याही खाली शेरे मारले. पुढे जो कोणी लिहील त्याच्या खाली त्र्याण्णव क्रमांकाचा शेरा पडू लागला. एकाने चिडून विचारलं, 'तुम्हाला दुसरं काही काम नाही का?' हे वाक्य शुद्ध असल्यामुळे अण्णांना काही उत्तर देता आलं नाही.

हळूहळू लोकांनी तिथे लिहिणं सोडलं. पान स्वच्छ झालं. अण्णांना बरं वाटलं आणि कंटाळाही यायला लागला.

आणि मग एका मंगळवारी सभासद ४१७२ने लिहिलं:

'मी एका आजीनां सांभाळते. सकाळी ऊठवायला गेले तर मला बोलल्या तुझे हात थंड आहेत, आधी ते कुठेतरी ठेवून ये.'

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. तीन वाक्यांएवढा मजकूर आणि त्यात एवढी घाण! त्यांनी लिहिलं, ''आजीनां' नव्हे, 'आजींना'. 'उठवायला'मधला उ ऱ्हस्व. 'मला बोलल्या' हा प्रयोग अडाणी आहे, 'मला म्हणाल्या'. शब्दकोश तिसऱ्या कपाटात आहे. तो वापरण्यास शुल्क नाही.'

पाऊण तासाने खाली उत्तर आलं. 'केले. धन्यवाद.'

आणि खरोखर केलं होतं. तिन्ही चुका दुरुस्त झाल्या होत्या. अण्णांनी पान दोनदा खालीवर केलं. एक्केचाळीस वर्षांत लेखकांनी त्यांच्याशी वाद घातले होते, संपादकांकडे तक्रारी केल्या होत्या, एका कवीने तर अंगावर धावून यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मुकाट्याने दुरुस्ती करून धन्यवाद म्हणणारं हे पहिलंच.

"लाज नाही," ते पुटपुटले. शेजारच्या बँकवाल्यांनी इयरफोन काढून विचारलं, "काही म्हणालात?" अण्णांनी मान फिरवली.

त्यानंतर ४१७२ रोज लिहू लागली. कधी दोन ओळी, कधी दहा.

'आजी चमचा दातात धरतात आणी सोडत नाहीत. मी ओढते, त्या ओढतात. पुष्कळदा त्याच जिंकतात.'

'आणि. णि ऱ्हस्व. हे पहिलीत शिकवतात. आपण तिथे गेला होता का?'

'केले. धन्यवाद.'

'आजींच्या मुलीचा फोन येतो. ती विचारते आई कशी आहे. फोन आजींच्या कानाला लावला की त्या डोळे मिटुन घेतात आणि झोपल्याचं नाटक करतात. मग मीच सांगते, झोपल्यात. त्या एक डोळा उघडून बघतात, मी निट सांगते की नाही.'

'मिटून. नीट. दोन्ही दीर्घ. ऱ्हस्व-दीर्घाशी आपलं काही वैर आहे का?'

'केले. धन्यवाद.'

अण्णांच्या मनात काही दिवसांतच या बाईचं एक चित्र तयार झालं. हिने कोणत्याही आजीला सांभाळलेलं नाही. ज्या बायका म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढतात त्या वाचनालयात येऊन लिहीत बसत नाहीत. त्यांना लिहिताच येत नाही, आणि आलं तरी त्या गाऱ्हाणी लिहितील, चमच्याबद्दल लिहिणार नाहीत. ही कोणीतरी कॉलेजातली पोर आहे. वर्गात काहीतरी लिहून आणायला सांगितलं असेल आणि ही गरिबाचं सोंग काढून बसली आहे. चुकासुद्धा सोंगातल्याच असतील. एवढं सगळं ठरवल्यावर आपण फार हुशार आहोत असं त्यांना वाटलं, आणि त्याच हुशारीच्या भरात ते उठून निळ्या केसांच्या मुलीसमोर जाऊन उभे राहिले.

"तुमचा सभासद क्रमांक काय?"

तिने लॅपटॉपवरून मान उचलली. "का?"

"एक्केचाळीस बहात्तर?"

"मी सभासदच नाहीये. मैत्रिणीचा नंबर वापरते."

अण्णा तडक काउंटरवर गेले. "इथे परक्या क्रमांकावर माणसं बसतात, हे तुम्हाला माहीत आहे?"

"कोण, काका?"

"ती, आपलं डोकं शाईत बुडवून आलेली. आणि एक्केचाळीस बहात्तर कोण आहे ते मला सांगा."

"ते सांगता येत नाही. नियम आहे."

"नियम! तो दलाल ज्ञानकोशात तोंड घालून धंदा करतो, त्याला नियम नाही. ती खिडकीपाशी एक बाई झोपायला येते, तिला नियम नाही. वाचनालय आहे की धर्मशाळा? चार्जरची वायर अशी वाटेत सोडते की एखादा तोंडावर आपटेल. उद्या उशी घेऊन येईल."

काउंटरवरच्या बाईने त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि एकदम खाली बघून शिक्के सारखे करू लागली. खिडकीपाशीची बाई पाण्याची बाटली भरून परत जात होती. अण्णांनी आवाज उतरवला नाही. ऐकलं तर बरंच, असं त्यांना वाटलं.

"आणि त्या एक्केचाळीस बहात्तरला निरोप द्या," ते म्हणाले, "व्याकरणाचं एखादं पुस्तक घरी ने म्हणावं."

"तुम्हीच लिहा ना. रोज लिहिताच की. आम्ही वाचतो सगळे."

"सगळे म्हणजे?"

"आम्ही. शिपाई. ग्रंथपाल सरसुद्धा."

अण्णा टेबलाशी परत आले तेव्हा त्यांचे कान तापले होते. राग आहे की आणखी काही, हे त्यांना नीट कळलं नाही. त्या दिवशीचा शेरा त्यांनी तीनदा लिहून तीनदा पुसला आणि चौथ्यांदा लिहिलेला त्यांना स्वतःलाच आवडला.

पुढचे दोन-अडीच महिने असेच गेले. अण्णा आता साडेदहालाच येऊन फाटक उघडण्याची वाट पाहत. येताना वाटेवर ते मनात शेरे घोळवत; कोणत्या चुकीसाठी, ते अजून ठाऊक नसलं तरी. ४१७२च्या चुका कमी होत चालल्या होत्या हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि ते त्यांनी आपल्या खात्यावर जमा करून टाकलं होतं. आता मजकूर मोठा असे आणि चूक एखादीच, तीही अगदी ढोबळ. एवढं सरळ लिहिता लिहिता ही मध्येच 'विहिर' कशी लिहिते, 'दिर्घ' कशी लिहिते, याचं त्यांना नवल वाटे. पण नवल वाटलं म्हणून ते शेरा सौम्य करत नसत.

एकदा तिने लिहिलं, 'आज आजी पुष्कळ दिवसांनी हसल्या. कशाला ते सांगत नाही.'

अण्णांनी लिहिलं, ''कशाला' संदिग्ध. 'का' हसल्या की 'कशावर' हसल्या? लेखकाला काय म्हणायचं आहे ते निदान लेखकाला तरी माहीत असावं.'

'केले. धन्यवाद.' आणि वर वाक्य बदललेलं होतं: 'कशावर ते सांगत नाही.'

मग एका शुक्रवारी काही आलं नाही.

शनिवारी आलं नाही. रविवारी वाचनालय बंद. सोमवारी अण्णांनी अकरा ते दोन पान चाळीस वेळा तरी ताजं करून पाहिलं, घरी न जाता कोपऱ्यावरच्या बाकावर बसून राहिले आणि चारला फाटक पुन्हा उघडल्यावर पुन्हा आत गेले. मंगळवारी त्यांनी जुने मजकूर पहिल्यापासून तपासायला घेतले. कुठे काही शिल्लक नव्हतं. खिडकीपाशीची खुर्चीही त्या दिवसांत रिकामी होती. अण्णांच्या ते ध्यानातही आलं नाही. दलाल फोनवर जरा मोठ्याने बोलला तेव्हा ते त्याच्यावर एवढे ओरडले की शिपाई आत आला.

"सोंग संपलं," ते शिपायाला म्हणाले. "परीक्षा झाल्या असतील."

शिपायाला काही कळलं नाही. त्याने मान हलवली.

बुधवारी साडेअकराला मजकूर आला. नेहमीपेक्षा मोठा होता.

'आजी गुरुवारी गेल्या. दुपारी, मी पाणी आणायला उठले तेवढ्यात. कोणी बघत असताना काही करायला त्यांना आवडायचं नाही.

इथल्या पानाचा फोनवर फोटो घेऊन मी तो त्यांना रोज वाचून दाखवायचे. त्यांना ते फारसं पसंत नसायचं. म्हणायच्या, मी काय चमचा चावते का गं? पण खाली त्र्याण्णव नंबरचा शेरा असायचा. तो मी त्याच्याच आवाजात वाचायचे. आवाज मला माहीत होता, कारण एकदा तो काउंटरवर माझी तक्रार करत होता. आजी हसायच्या. पोट धरून नाही, तेवढं बळ नव्हतं. नाकातून हसायच्या. मग सकाळी अंग पुसायला घेतलं की विचारायच्या, आज काय म्हणेल गं त्र्याण्णव?

एकदा माझी चूक झाली नाही म्हणून शेरा आला नाही. त्या दिवशी आजी जेवल्या नाहीत. तेव्हापासून मी चुका करायला लागले. पहिल्या महिन्यातल्या खऱ्या होत्या, त्याबद्दल मी त्याचे आभार मानते. पुढच्या ठरवून केलेल्या. आधी सगळं नीट लिहायचं आणि मग कुठे बिघडवायचं ते शोधायचं, याला फार वेळ लागतो.

त्र्याण्णव नंबर रोज येतो. टेबल रुमालाने पुसतो. आमच्याकडे असं बघतो, जणू आम्ही सगळे त्याच्या घरात चपला घालून शिरलो आहोत. मी एवढे दिवस लिहिलं, त्याने एकदाही विचारलं नाही की आजी कशा आहेत. त्याला त्या दिसल्याच नाहीत. त्याला वेलांट्या दिसल्या. दोन वाजता बाकीचे उठतात, हा उठत नाही. शिपाई दिवे मालवायला लागला की मग उठतो. घरी याच्यापुढे काय वाढून ठेवलेलं असतं कोण जाणे.

आजी म्हणाल्या होत्या, मी गेल्यावर त्याला एकदा सांग. माझा विचार नव्हता. असल्या माणसाला कशाला काही सांगायचं? पण आता तो कोणाला बोलणार? मला त्याची किव येते.

उद्यापासून मी येणार नाही.'

अण्णांनी हे वाचलं. म्हणजे ते जसं वाचत आले होते तसं वाचलं: एकेका अक्षरावर थांबत, अर्थाला बाजूला सारत. चष्म्याची काच धूसर झाली म्हणून तो काढून रुमालाने पुसला आणि पुन्हा वाचलं. मग छापखान्यातल्या सवयीप्रमाणे शेवटच्या ओळीपासून वर वाचत गेले. समोर बँकवाले चुकचुकले, त्यांच्या मालिकेत कोणावर तरी काहीतरी ओढवलं होतं.

एकच चूक होती.

तिच्यावर बोट ठेवून ते बराच वेळ बसले. आपल्याबद्दल असं लिहिणाऱ्या बाईला काय उत्तर द्यायचं, याची चार-पाच धारदार वाक्यं एरवी त्यांच्या डोक्यात आपोआप येऊन उभी राहिली असती. आज एकही येईना. आलं ते एवढंच. त्यांनी अंगठ्याने सावकाश लिहिलं:

'कीव. की दीर्घ.'

आणि पाठवून दिलं.

उत्तर यायला मिनिटही लागलं नाही.

'माहीत आहे. ती तुमच्यासाठी ठेवली होती.'

पुढे 'केले' नव्हतं. वर शब्द तसाच होता, ऱ्हस्व.

अण्णांनी मान वर केली. पान इमारतीबाहेर उघडत नाही, म्हणजे ती इथेच होती. दलाल कपाटाआड होता. तिघं परीक्षावाले फोनवर वाकले होते. निळ्या केसांची मुलगी जांभई देत होती. खिडकीपाशीची बाई आज खूप दिवसांनी आली होती. तिची मान नेहमीसारखीच छातीवर होती, पण ती झोपलेली नव्हती. तिचे दोन्ही अंगठे मांडीवरच्या फोनवर होते. तिने तो बंद केला, वाकून चार्जर काढला, वायर बोटांभोवती चार वेढे देऊन गुंडाळली आणि पिशवीत टाकली. मग रबरी चपलांचा आवाज न करता ती अण्णांच्या टेबलाजवळून बाहेर गेली. त्यांच्याकडे तिने पाहिलं नाही.

अण्णा उठले. खुर्ची मागे जोरात सरकली आणि परीक्षावाल्या तिघांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. आपल्याला कशासाठी तरी जायचंय असं दिसावं म्हणून अण्णांनी टेबलावरचं कोणाचंतरी वर्तमानपत्र हातात घेतलं.

ती काउंटरवर उभी राहून एक अर्ज भरत होती. बॉलपेन दोरीने बांधलेलं होतं, दोरी आखूड होती, त्यामुळे तिला वाकून लिहावं लागत होतं. हात कोरडे, पुष्कळ धुतलेले, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. अण्णांच्या मनात आलं, थंड असतील. असा विचार मनात आल्याचा त्यांना रागही आला.

"सभासदत्व रद्द का करताय, ते त्या शेवटच्या रकान्यात लिहा," काउंटरवरची बाई तिला म्हणाली. मग तिला मागे उभे असलेले अण्णा दिसले आणि ती पुन्हा शिक्के सारखे करू लागली.

बाईने शेवटचा रकाना भरला. सही केली. मागे वळली. इतक्या जवळून अण्णांनी तिला पहिल्यांदाच पाहिलं. चाळिशीची असेल, किंवा पन्नाशीची. डोळ्यांखाली काळं होतं. त्यांच्या हातातल्या वर्तमानपत्राकडे तिने पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे, आणि अर्ज पुढे केला.

"तपासता?"

आवाज साधा होता. त्यात टोमणा आहे की काय ते अण्णांना सापडलं नाही. त्यांनी अर्ज घेतला. चष्मा नाकावर नीट बसवला. अक्षर टपोरं, गोलसर होतं, शाळेत बाईंनी शाबासकी द्यावी असं. नाव, पत्ता, क्रमांक ४१७२, दिनांक. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'दुसरिकडे काम लागले.'

अण्णांचं बोट 'रि'पाशी गेलं. तिथे थांबलं. ही चूक खरी आहे की ठेवलेली, हे त्यांनी एक्केचाळीस वर्षांचा सगळा अनुभव पणाला लावून ओळखायचा प्रयत्न केला. ओळखता आलं नाही. काउंटरवरची बाई शिक्का हातात धरून उभी होती. दारातला शिपाईही ऐकत होता.

त्यांनी बोट उचललं.

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "अगदी बरोबर आहे."

तिने अर्ज परत घेतला. लगेच दिला नाही, स्वतः वाचला. वरून खाली, एकेक ओळ.

"'री' दीर्घ ना हो?"

अण्णांनी हातातलं वर्तमानपत्र दुमडलं, पुन्हा दुमडलं.

"हो," ते म्हणाले.

"मग बरोबर कसं?"

ती थोडा वेळ थांबली, खरोखरच ऐकायचं असल्यासारखी. मग आखूड दोरीचं पेन ओढून घेऊन ती वाकली, पहिली वेलांटी खोडली, दुसरी काढली आणि अर्ज काउंटरवर सरकवला.